चालू आणि चालती

जुनी अमेरिकन गाडी विकायची आहे म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चालू आहे की चालती आहे?" समोरचा माणूस गोंधळतो. मग समजावून सांगतो. सेल्फ मारल्यावर इंजिन धडधडलं, दारात उभ्या उभ्या गाडीने थोडा धूर सोडला, की ती चालू. भर उन्हात चार माणसं घेऊन घाट चढली, उतारावर ब्रेक दाबला तिथे थांबली आणि संध्याकाळी आपल्या चाकांवर घरी आली, तर ती चालती. या दोन शब्दांतलं अंतर मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. त्यासाठी माझ्यामुळे एका कुटुंबाला मे महिन्यात रस्त्याकडेला बसावं लागलं.

१९८३ साली मी नंदुरबारहून सुरतेला आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. खानदेशातून भुसावळ–सुरत लाइनची गाडी पकडायची आणि उधन्याला उतरायचं, ही आमच्याकडच्या पोरांची नेहमीची वाट. मामा लूमवर कामाला होते. मलाही त्यांनी लूमवरच लावलं, पण आठवडाभरात माझं मन उडालं. खोलीजवळच एक गॅरेज होतं. तिथे पत्र्याच्या छपराखाली एक भलीमोठी काळी गाडी उभी असे. तिच्या बोनेटवर शिडाचं छोटंसं जहाज होतं. मी रोज ते जहाज बघायला थांबायचो. एक दिवस गॅरेजच्या उस्तादांनी हाक मारली, "बाळा, नुसतं बघतोस काय? ते फडकं घे." त्या दिवसापासून मी तिथलाच झालो.

उस्ताद मूळचे रत्नागिरीकडचे. उमेदीची वर्षं मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या गॅरेजांत गेलेली. डॉज, प्लिमथ, शेवरोले, स्टुडबेकर ही नावं ते आपल्या भावंडांची घ्यावीत तशी घेत. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ऐकण्याची. लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाशी धरायची. सहा सिलिंडरांपैकी कुठल्या टॅपेटचा खटका ढिला आहे, पाण्याच्या पंपाचं बुश झिजलंय का, डायनॅमोचं बेरिंग कुरकुरतंय का, सगळं त्या लाकडातून कानात उतरतं. "डोळा रंगावर भुलतो, कान भुलत नाही," असं ते म्हणत. अजूनही माझ्या खिशात पेनाआधी पेचकस असतो.

या गाड्या आपल्याकडे एवढ्या आल्या कशा, हेही उस्तादांनीच सांगितलं. पुढे मी ते वाचून पक्कं केलं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने यायचे आणि शिवडीत शेवरोले जोडली जायची. फोर्डनेही त्याच दशकात कॅनडातल्या आपल्या कंपनीमार्फत इथे पाय रोवले. साम्राज्यातल्या देशांना उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या तिकडूनच येत. मग आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. सुरत तेव्हा मुंबई राज्यातच होती. १ मे १९६० पर्यंत दोन्हीकडचं सरकार एकच. त्यामुळे मुंबईत जोडलेली गाडी सुरतेच्या कापडवाल्याच्या, नवसारीच्या पारशाच्या किंवा डांगाकडच्या एखाद्या संस्थानिकाच्या दारात सहज येऊन उभी राहायची.

१९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवलं की गाडी इथे बनवायची तयारी असेल त्यानेच राहावं, नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. आयातही आटली. दारात होती ती गाडी जपून वापरायची, एवढंच लोकांच्या हातात राहिलं. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि या सहा सिलिंडरच्या गाड्या पोसणं लोकांना जड झालं. मग मूळ इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवायची लाट आली. काढलेलं इंजिन भंगारात किलोवर गेलं. क्यूबातही असंच झालं. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेशी व्यापार तुटला आणि हवानाच्या लोकांनी मिळेल ते इंजिन घालून त्या गाड्या आजवर रस्त्यावर ठेवल्या. पोटासाठी कोणी इंजिन बदललं म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण मूळ इंजिन पोटात असलेली गाडी दिसली की आजही माझा हात आपोआप बोनेटवर जातो.

उस्ताद गेल्यावर उधना–मगदल्ला रस्त्याच्या आतल्या गल्लीत मी स्वतःचं गॅरेज टाकलं. गाड्या शोधायच्या, उभ्या करायच्या आणि हौशी माणसाला विकायच्या, हे काम तिथे सुरू झालं. १९९८ साली नवसारीकडच्या एका पारशी घरातून मला १९४८ ची प्लिमथ स्पेशल डीलक्स मिळाली. बोनेटवर तेच शिडाचं जहाज. मूळ सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर होतं. तीन महिने खपलो. ब्रेक उघडून नवीन रबर घातलं, कार्बोरेटर धुतला, वायरिंग बदललं, शेजारच्या पेंटरकडून काळा रंग मारून घेतला. सुरतेच्या रस्त्यांवर रोज फिरवली, डुमसपर्यंत दोनदा नेऊन आणली. गाडी लोण्यासारखी चालत होती.

अडाजणच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला ती मनापासून आवडली. शेठनी विचारलं, "भाऊ, बाहेरगावी नेऊ ना?" मी म्हणालो, "बिनधास्त न्या. चालते."

मे महिन्यात धुळ्याला त्यांच्या व्यवहारातल्या माणसाकडे लग्न होतं. शेठ, शेठाणी, म्हातारी आई आणि दोन मुलं निघाली. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, सगळं सुरळीत. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, ते मुलांना दाखवायला थांबलेही. विसरवाडी ओलांडून कोंडाईबारीचा घाट लागला आणि अर्ध्या चढावर बोनेटखालून वाफ उसळली. इंजिन एकदा खाकरलं आणि बसलं. दुपारचे दोन वाजले होते. ऐंशीच्या घरातल्या त्या आजी रस्त्याकडेच्या पळसाच्या सावलीत तीन तास बसून होत्या. शेवटी एका ट्रकने गाडी ओढून आणली.

शेठ माझ्या गॅरेजात आले, पण रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्ही म्हणालात चालते." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हेड उघडलं. शेवटच्या, म्हणजे सहाव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळाला होता आणि गॅस्केट फुटलं होतं. पहिली चार सिलिंडरं मात्र स्वच्छ. पाणी पुढे पोचतंय आणि मागे पोचत नाही, हे स्पष्ट दिसत होतं. का पोचत नाही, तेच कळेना. दोन दिवस ब्लॉककडे बघत बसलो. मग उस्तादांचं एक जुनं वाक्य आठवलं. प्लिमथ-डॉजच्या ब्लॉकच्या पोटात पाण्याची एक पट्टी असते, असं ते कधीतरी बोलले होते.

रेडिएटर उतरवला, पाण्याचा पंप काढला. पंपामागे ब्लॉकमध्ये चपट्या नळीचं तोंड दिसलं. ही नळी ब्लॉकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. तिला ठिकठिकाणी खाचा असतात. पंपाने ढकललेलं गार पाणी त्या खाचांतून प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडाशी सारखं वाटलं जावं, एवढंच तिचं काम. पत्र्याची असल्यामुळे ती आतल्या आत गंजते. गंजून फुटली की सगळं पाणी पुढच्याच सिलिंडरांकडे पडतं आणि मागची दोन उपाशी राहतात. सपाटीवर, कमी वेगात, ते कळतही नाही. चढावर इंजिनावर भार आला की मागची भट्टी पेटते.

तारेचा आकडा करून नळी ओढली. हातभर आली आणि तुटली. उरलेली तुकड्यातुकड्यांनी काढायला दीड दिवस गेला. काही तुकडे तर बोटांत धरताच भुगा झाले. मी पन्नास दिशांनी गाडी सजवली होती, आणि जिच्यावर पाच माणसांचा प्रवास टेकला होता, ती वस्तू मी बघितलीच नव्हती. रंग मारायला मला तीन महिन्यांतले वीस दिवस सापडले, पंप उतरवायला एक दिवस सापडला नाही.

उधन्यातल्या एका लेथवाल्याकडे गेलो. तो लूमचे सुटे भाग बनवायचा. जुन्या तुकड्यांवरून माप घेतलं, पितळी पत्र्याची नवी नळी वळवली, खाचा पाडल्या. पितळ गंजणार नव्हतं. नवा व्हॉल्व्ह बसवला, सीट घासली. सगळा खर्च माझा. मग शेठना सोबत घेऊन, पुन्हा मे महिन्याच्याच उन्हात, कोंडाईबारी चढलो. वरती पोचून गाडी बंद केली नाही. बोनेट उघडून पेचकस शेठच्या कानाला लावला आणि सहाच्या सहा सिलिंडरांचा आवाज त्यांना ऐकवला. त्या दिवसापासून माझा नियम ठरला. गाडी त्या घाटात चढल्या-उतरल्याशिवाय मी तिला "चालती" म्हणत नाही. उतारावर तर अजून बारकाईने बघतो, कारण या गाड्यांच्या ब्रेकला तेलाची एकच लाइन असते. एका चाकाशी गळती झाली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो.

दुसऱ्यांदा ती प्लिमथ माझ्याकडे परत आली ऑगस्ट २००६ मध्ये. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. अडाजण, रांदेर, सगळं पाण्याखाली. शेठचं कुटुंब वरच्या मजल्यावर अडकलं होतं आणि गाडी खाली छपरापर्यंत बुडाली होती. चौथ्या दिवशी फोन लागला. मी पहिलं वाक्य ओरडूनच बोललो, "शेठ, सेल्फ मारू नका. कोणालाही चावी लावू देऊ नका." सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या आठवड्यात सुरतेत कितीतरी इंजिनं पुराने गेली नाहीत, पूर ओसरल्यावर घाईने फिरवलेल्या चावीने गेली.

आम्ही गाडी टो करून आणली. इंजिनाच्या चेंबरचा बोल्ट सोडला तेव्हा आधी नुसतं पाणीच आलं, कितीतरी वेळ. मग दुधाळ चहासारखं काहीतरी, मग काळं तेल. सहाही प्लग काढून सिलिंडरांत रॉकेल आणि तेल ओतलं, दोन दिवस मुरू दिलं आणि फॅन हाताने फिरवून इंजिन मोकळं केलं. ब्रेकच्या ड्रममधून तापीचा गाळ चमच्याने खरवडला. सीटच्या आतला काथ्या फेकून दिला, स्प्रिंगा धुऊन उन्हात ठेवल्या. शेठाणींनी सीटसाठी आपल्याच दुकानातलं जाड कापड पाठवलं. दिवाळीला गाडी पुन्हा रस्त्यावर आली. पितळी नळी काढून बघितली. जशीच्या तशी.

गाडी चालती ठेवायला एकट्या फिटरचा हात पुरत नाही, पूर्ण गाव लागतं, आणि सुरतेसारखं गाव मिळणं माझं भाग्य. लूमच्या शाफ्टवर हात बसलेला टर्नर किंगपिनचं बुश असं काढतो की ते तळव्याने दाबून बसावं. टायरचंही तसंच. त्या काळच्या प्लिमथ-शेवरोलेला ६.००–१६ मापाचा टायर लागतो आणि तोच आपल्या जुन्या जीपलाही बसतो. म्हणून तो आजही मिळतो. जीपने या गाड्यांना केवढा आधार दिला आहे, हे हौशी मंडळींना ठाऊक असतं.

अडचणी मात्र नव्या आहेत. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. गाडीतल्या जुन्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या त्याने फुगतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटतो आणि कार्बोरेटरमध्ये जाऊन अडकतो. म्हणून मी पडदे आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवतो आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायला लावतो. उन्हाळ्यात पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बसली तर पंपावर ओलं फडकं ठेवायचं, ही उस्तादांची युक्ती अजून चालते.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. नव्याने नोंद करायची तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठी आणता येते. खरेदी-विक्री करता येते, पण दोघांनी आपापल्या परिवहन खात्याला कळवावं लागतं. ज्या गाड्यांत मूळ इंजिन टिकलं, त्यांच्या मालकांच्या चिकाटीला या नियमाने मान दिला, असं मला वाटतं.

२०२३ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरली, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. राजेरजवाड्यांच्या गाड्या बघून डोळे निवले. पण माझा जीव अडकला तो जी गाडी फाटकातून स्वतः चालत आत आली तिच्यात. हौशी माणसांना मी हेच सांगत असतो. वराछाचे एक हिऱ्याचे व्यापारी माझ्याकडे गाडी बघायला आले आणि खिशातून आयग्लास काढून क्रोमवरचे डाग तपासू लागले. त्यांच्या धंद्यात तीच नजर लागते. मी त्यांना पेचकस दिला आणि म्हणालो, "आता कानाने बघा." अर्धा तास ते इंजिनाशी वाकून उभे होते.

२०२४ मध्ये शेठचा फोन आला. वय झालं होतं, मुलं परदेशी स्थायिक झालेली. "भाऊ, तूच चांगल्या घरी दे." प्लिमथ तिसऱ्यांदा माझ्या छपराखाली परत आली. विचारणा बऱ्याच झाल्या. एकाला ती हॉटेलच्या दर्शनी भागात काचेमागे ठेवायची होती. पैसे तो सर्वांत जास्त देत होता. शेठना विचारलं, तर ते म्हणाले, "उभी राहणार असेल तर नको."

घेतली नाशिकच्या एका तरुणाने. अंबडला कारखान्यात नोकरी, हौस मोठी, पैसे दोन वर्षं साठवलेले. आजोबांनी मुंबईत अशीच प्लिमथ टॅक्सी म्हणून चालवली होती, एवढाच त्याचा गाडीशी संबंध. त्याला मी आधी घाटात नेलं. मग माझी वही त्याच्या हातात दिली. विकलेल्या प्रत्येक गाडीबरोबर मी अशी वही देतो. तिच्यात गुण कमी आणि दोष जास्त लिहिलेले असतात. बॅटरी सहा व्होल्टची आहे आणि पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. नेहमीच्या सवयीने उलटी जोडू नका. हँडब्रेक चाकांवर लागत नाही, मागे जाणाऱ्या शाफ्टवर लागतो. गाडी चालताना ओढू नका. ब्रेकचं तेल दर आठवड्याला बघा. पुरात बुडालेली आहे, साल २००६. उजव्या मागच्या दाराच्या तळाशी पत्रा पुन्हा गंजू शकतो. पाण्याची पट्टी पितळेची, १९९८ मध्ये बसवली.

तो वाचत गेला तसा गंभीर होत गेला. मला वाटलं, दोष वाचून कचरतोय की काय. पण तो म्हणाला, "काका, एवढं तर आमच्या नव्या गाडीबद्दलही कोणी सांगितलं नव्हतं."

पैसे घ्यायच्या आधी माझी एक अट असते. घेणाऱ्याने माझ्यासमोर डावीकडचं एक चाक स्वतः काढून बसवायचं. त्याने जॅक लावला, पाना चढवला आणि जोर केला. बोल्ट हलेना. आणखी जोर केला, कपाळावर घाम आला. शेठ खुर्चीवर बसून बघत होते. ते काही बोलणार तेवढ्यात मी हाताने थांबवलं. मुलाने पाना बाजूला ठेवला, उकिडवं बसून बोल्टचं तोंड नीट बघितलं, त्यावर कोरलेल्या ‘एल’ अक्षरावरून बोट फिरवलं. मग पाना उलट्या दिशेने लावला. क्रायस्लरच्या या गाड्यांत डाव्या बाजूच्या बोल्टचे आटे उलटे असतात. चाकाच्या फिरण्याने ते सैल होऊ नयेत म्हणून ही रचना. ज्याला ते माहीत नाही, तो जोर करून बोल्ट मोडतो.

बोल्ट करकरला आणि सुटला. मी त्याच्याकडून पैसे घेतले आणि ड्रॉवरमधून कागदाची एक पुडी काढून त्याला दिली. आत त्या गंजलेल्या नळीचे उरलेले तुकडे होते, २६ वर्षं जपलेले. "हे वहीबरोबर ठेवा," म्हणालो, "आणि कधी तुम्हाला ही विकावीशी वाटली तर घेणाऱ्याला दाखवा." शेठनी पुढे होऊन बोनेटवरच्या जहाजावरची धूळ उपरण्याने पुसली, आणि तरुणाने सेल्फचं बटण दाबलं.